डिझेल लक्झरी सेडान घेऊन समृद्धीवर पहिल्यांदा निघताय? मग हे आधी वाचा

मर्सिडीजची ई २२०डी, बीएमडब्ल्यूची ५२०डी किंवा त्या वर्गातली एखादी गाडी नवी किंवा सेकंडहँड घेतली, आठवडाभर शहरात फिरवली आणि आता मुंबईहून थेट नागपूर गाठायचं मनात आहे. अशा वाचकांसाठी हा लेख. उदाहरणाला समृद्धी महामार्ग घेतलाय, कारण भिवंडीजवळचं आमणे ते नागपूर असा ७०१ किलोमीटरचा सलग, सिग्नल नसलेला रस्ता महाराष्ट्रात दुसरा नाही. शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून सकाळी मुंबई सोडून दिवेलागणीच्या आत नागपुरात पोचणं सहज जमू लागलं.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ही गाडी तुम्हाला काही जाणवूच देत नाही. १२० चा वेग ८० सारखा वाटतो, टायरमधली कमी हवा हाताला कळत नाही आणि चार तासांनी आलेला थकवाही त्या सीटमध्ये मुरून जातो. जुन्या गाडीत स्टेअरिंग थरथरायचं, काचा वाजायच्या, इंजिन ओरडायचं, आणि आपण आपोआप पाय उचलायचो. इथे ते इशारे कंपनीने पैसे घेऊन काढून टाकलेत. म्हणून वेग काट्यावर बघायचा, थांबे घड्याळावर घ्यायचे आणि हवा गेजवर तपासायची. अंदाजाने काहीही करायचं नाही.

आठवडाभर आधी: टायर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. समृद्धीचा रस्ता सिमेंट काँक्रीटचा आहे, विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तो दुपारी भयंकर तापतो, आणि त्यावर तासन् तास एकाच वेगाने चाकं फिरतात. टायर फुटण्याचा दोष लोक काँक्रीटला देतात. पण बहुतेक वेळा खरा घोळ कमी हवेत असतो. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते, वाकली की तापते, आणि आतले थर सुटायला लागतात. शहरात तीच हवा महिनोन् महिने चालून जाते, कारण तिथे टायरला तेवढं तापायला वेळच मिळत नाही.

ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर किंवा डिझेलच्या झाकणाच्या आत एक स्टिकर असतो. त्यावर दोन रकाने दिसतील: एक-दोन माणसं असताना किती हवा आणि पूर्ण भरलेल्या गाडीला किती. चार माणसं आणि डिकीभर बॅगा असतील तर दुसरा रकाना पाळायचा. मागच्या टायरच्या आकड्यात तर चांगलाच फरक असतो. हे माप थंड टायरचं आहे. म्हणजे घरून निघून दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या पंपावर, सकाळी. हवा भरणारा मुलगा विचारतो, "साहेब, तीस-पस्तीस करू?" त्याला स्टिकरवरचा आकडा सांगा, आणि भरून झाल्यावर आपल्या गेजने पुन्हा बघा. बरा डिजिटल गेज काही शे रुपयांत मिळतो. वाटेत थांबलात आणि स्क्रीनवर हवा चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वाढलेली दिसली तर सोडू नका. ती तापल्यामुळे वाढलीय, गार झाल्यावर परत खाली येईल.

टायरच्या भिंतीवर डीओटी (DOT) या अक्षरांपुढे शेवटी चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. सेकंडहँड गाडीत हे नक्की बघा. कमी फिरलेल्या गाडीच्या टायरला नक्षी भरपूर असते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. सहा वर्षांवरचा टायर घेऊन मी १२० च्या रस्त्यावर जाणार नाही, मग विकणारा काहीही म्हणो. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी पुरते. पावसाळ्यात जायचं असेल तर तीनच्या खाली नको.

आणि डिकीचा तळ उचलून सुटं चाक आहे का ते बघा. काही गाड्यांत ते नसतं, रन-फ्लॅट टायर असतात. हवा गेल्यावरही ते साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर नेतात. समृद्धीवर तेवढ्या अंतरात बाहेर पडायला इंटरचेंज मिळतो, पण त्या मापाचा टायर कारंजात किंवा मेहकरात मिळेलच असं नाही. कंपनीचा रोडसाइड असिस्टन्स चालू आहे ना, हे निघण्याआधी फोन करून विचारा.

डिझेलच्या खास भानगडी

गाड्यांच्या धुरावर मर्यादा घालणारे बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. तेव्हापासूनच्या या वर्गातल्या डिझेल गाडीत साधारण दोन यंत्रणा असतात. नवे लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. ती भरत आली की गाडी स्वतःच थोडं जास्तीचं डिझेल वापरून तिचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळून टाकते. याला रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग चालणं लागतं. शाळा-ऑफिस-भाजी अशा फेऱ्यांत ते दर वेळी अर्धवट तुटतं. म्हणून शहरातच राबलेल्या डिझेल सेडानला हायवे हे औषध आहे. सेकंडहँड घेताना सर्व्हिस सेंटरकडून डीपीएफमधल्या काजळीची पातळी स्कॅनरवर वाचून घ्या. मालक "फक्त सिटीत, फार जपून वापरली" असं कौतुकाने सांगत असेल तर आवर्जून घ्या.

डीपीएफचा दिवा लागला तर घाबरून थांबू नका. मोकळ्या रस्त्यावर सारख्या वेगात गाडी चालती ठेवा. नऊ गिअरची ऑटोमॅटिक १०० ला दीड हजार आरपीएमच्याही (इंजिनाचे मिनिटाला फेरे) खाली सरपटते, तेव्हा गिअर हाताने एक-दोन खाली घेऊन दोन हजारांच्या आसपास ठेवलं तर एक्झॉस्ट लवकर तापतो. अर्ध्या तासानेही दिवा गेला नाही, किंवा इंजिनाचा दिवा सोबतीला आला, तर मग वर्कशॉप.

दुसरी यंत्रणा अ‍ॅडब्लूची, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या द्रवाची. पंपावर त्याला डीईएफ म्हणतात. ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी. हे डिझेलमध्ये मिसळत नाही. त्याची टाकी वेगळी, निळ्या झाकणाची, आणि बऱ्याच गाड्यांत डिझेलच्या तोंडाला खेटूनच. हजार किलोमीटरला साधारण एक-दीड लिटर जातं, चालवण्याच्या पद्धतीनुसार कमी-जास्त. संपत आलं की स्क्रीनवर किलोमीटरची उलटी गणती सुरू होते. शून्यावर आल्यावर चालू इंजिन बंद पडत नाही, मात्र एकदा तुम्ही बंद केलंत की गाडी पुन्हा सुरू होत नाही. चहासाठी थांबलात आणि तिथेच अडकलात, असा हा प्रकार. म्हणून गणती सुरू झालेली असेल तर निघण्याआधीच भरा.

बादली घेताना उत्पादनाची तारीख वाचा. ३५ अंशांच्या सततच्या उष्णतेत अ‍ॅडब्लूचं आयुष्य सहा महिन्यांवर येतं, आणि आपल्याकडे पंपाच्या पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर किती तापतं ते सांगायला नको. नळी लावून सावकाश ओता. बाहेर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंगावर पांढरे खडे धरतात. फोडलेला कॅन डिकीत ठेवून प्रवास करू नका. एकदा गालिच्यात मुरलं की तो वास महिनोन् महिने जात नाही.

आता डिझेल भरताना. मोठी चकचकीत सेडान दिसली की पंपावरचा माणूस पेट्रोलचा पाइप उचलतो, कारण त्याच्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक गाड्या पेट्रोलच्याच असतात. काच खाली करून "डिझेल" असं स्पष्ट सांगा, खाली उतरा आणि पाइप तोंडात जाताना स्वतः बघा. काही गाड्यांच्या तोंडाला चुकीचा पाइप अडवणारी झडप असते, पण भरवसा तिच्यावर ठेवू नका. चुकून पेट्रोल गेलंच तर स्टार्टचं बटण दाबू नका, इग्निशनही लावू नका. इंजिनाचा हाय-प्रेशर पंप दोन हजार बारच्या आसपास दाब तयार करतो आणि त्याला वंगण मिळतं ते डिझेलमधूनच. न्यूट्रलला टाकून ढकलून बाजूला घ्या आणि टोइंग बोलवा. टाकी रिकामी करण्याचा खर्च पंप-इंजेक्टरच्या खर्चापुढे काहीच नाही.

समृद्धीवर पंप आहेत, पण शहरासारखे कोपऱ्या-कोपऱ्यावर नाहीत. भरलेल्या टाकीवर अशी सेडान ७०१ किलोमीटर आरामात जाते. तरी पहिल्या खेपेला अर्धी टाकी झाली की समोर दिसेल त्या चांगल्या पंपावर भरून टाकायची. "अजून दोनशे जाईल" या हिशेबात डोकं अडकवून कशाला ठेवायचं?

निघताना

सीट नीट लावा. पाठ टेकलेली असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर पडायला हवं, ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. या गाड्यांत सीट इतक्या बाजूंनी हलते की माणूस नकळत आरामखुर्चीसारखा मागे रेलतो. मग दोन तासांनी मान आखडते. सीटमधला मसाज हवाच असेल तर मागच्यांना द्या, चालवणाऱ्याला तो पेंग आणतो.

मागच्या सीटचे पट्टे. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ गेले, ते अशाच एका महागड्या, भरपूर एअरबॅगच्या गाडीच्या मागच्या सीटवरून. पोलिसांनी सांगितल्यानुसार मागच्या दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. "मागे कशाला?" असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. ते पट्टा लावेपर्यंत गाडी हलवायची नाही, वाद घालायचा नाही. मागच्या काचेजवळ पाण्याच्या बाटल्या, छत्री, प्रसादाचा डबा असलं काही नको.

फास्टॅगमध्ये पैसे किती आहेत ते बघा. समृद्धीवर टोल अंतरानुसार लागतो, आत शिरताना नोंद आणि बाहेर पडताना वजावट. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दराने कारला किलोमीटरमागे २.०६ रुपये, म्हणजे पूर्ण रस्त्याला साडेचौदाशेच्या आसपास. फास्टॅगचा वार्षिक पास काढलेले बरेच जण इथे फसतात. तो पास केंद्राच्या राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. समृद्धी आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे राज्याचे, तिथे टोल नेहमीसारखा कापला जातो.

निघायची वेळ पहाटे साडेपाच-सहा. भिवंडीच्या पुढे आमणेला चढलात की ठाण्याची गर्दी मागे पडते. हा रस्ता बराचसा पूर्वेकडे जातो. त्यामुळे सकाळी इगतपुरी-सिन्नरकडे सूर्य थेट डोळ्यांत येतो, आणि नागपूरहून परतताना दुपारी संभाजीनगरच्या पुढे तसाच. काच आतून पुसलेली हवी. बाहेरून सगळेच धुतात, आतल्या काचेवर मात्र एसीचा धूसर थर बसतो आणि ऊन पडलं की समोरचं काही दिसत नाही. गॉगल हाताशी ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको.

रस्त्यावर

सपाट भागात कारला १२०, घाटाच्या भागात १००. ही मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर १२० ने सलग गेलात तर ४ तास २० मिनिटं, १०० ने गेलात तर ५ तास १२ मिनिटं. पूर्ण ५२० किलोमीटरमध्ये वाचतात ती बावन्न मिनिटं, तीही वाटेत कुणी आडवं आलं नाही तर. माझं मत १०५-११० च्या बाजूने. इंजिन निवांत असतं, डिझेल कमी जातं, आणि १२० वर पूर्ण ब्रेक मारल्यावर गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण सत्तर मीटर घेते, तिथे १०० ला पन्नासात थांबते. शिवाय पाय ब्रेकवर जायच्या आधीचा एक सेकंद धरला तर १२० ला आणखी ३३ मीटर गेले.

उजवी लेन ओव्हरटेकसाठी. काम झालं की मधल्या लेनमध्ये परत यायचं. मागून कुणी दीडशेने डिपर मारत आला तर त्याला जाऊ द्या. तुमची गाडी त्याच्यापेक्षा पळते हे तुम्हालाही माहीत आहे आणि त्यालाही. ओव्हरटेकला किकडाउनचा, म्हणजे ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून गिअर खाली पाडण्याचा, धमाका करायची गरज नसते. साधारण ४०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, १,६००-१,८०० आरपीएमलाच मिळते, पाय हलका दाबा, गाडी आपोआप सरकते.

पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर. तिने एखादा खांब ओलांडला की एकवीस, बावीस, तेवीस असं म्हणा. तेवीसच्या आत तुम्ही खांबापाशी पोचलात तर जवळ आहात. १२० ला हे अंतर शंभर मीटर होतं.

अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीनुसार वेग आपोआप सांभाळणारी यंत्रणा) आणि लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये ठेवणारी) असेल तर पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये लावू नका. आधी गाडी हाताला बसू द्या. नंतर वापरा, पण एक गोष्ट मॅन्युअलमध्येच लिहिलेली असते आणि कुणी वाचत नाही: उभ्या वाहनाला ही यंत्रणा दर वेळी ओळखेलच असं नाही. समृद्धीवरचा मोठा धोका नेमका उभ्या वाहनांचाच. ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूरजवळ उभ्या ट्रकवर टेम्पो ट्रॅव्हलर आदळून १२ जण गेले. म्हणून डाव्या लेनमध्ये रेंगाळायचं नाही, आणि पुढचा ट्रक संथ चाललाय की उभाच आहे हे लांबूनच ठरवायचं. त्याच्या आणि तुमच्यामधलं अंतर झपाट्याने मिटत असेल तर तो उभा आहे असंच धरा.

इगतपुरी-कसाऱ्याच्या लांब बोगद्यात लो-बीम लावा, एसीची बाहेरची हवा बंद करा, लेन बदलू नका. बाहेर आलात की हवा पुन्हा सुरू करा. गाडीत चार माणसं आणि आतलीच हवा फिरत राहिली तर तासाभरात सगळे पेंगायला लागतात, तुम्हीही. बोगद्यात किंवा पावसात चारही इंडिकेटर लावून चालणाऱ्यांचं अनुकरण करू नका. तुम्ही लेन बदलताय की थांबलाय, मागच्याला कळतच नाही.

मुसळधार पावसात क्रूझ बंद, वेग ८० च्या आत. पाण्याच्या थरावर रुंद टायर लवकर तरंगतात. स्टेअरिंग एकदम हलकं वाटलं तर ब्रेक नाही, वळवणं नाही, फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय उचला.

थांबे

दोन तास झाले की थांबायचं, झोप आली असो वा नसो. घड्याळात गजर लावा. सिन्नर-शिर्डीचा पट्टा पहिला थांबा, साधारण मध्यावर जालना, मग कारंजा. दोन्ही बाजूंना तीच शेतं, तोच सरळ रस्ता, आवाज नाही, धक्का नाही. अशात डोळे उघडे असून डोकं झोपतं. मागचा इंटरचेंज कुठला गेला ते आठवत नसेल तर तीच खूण. तीन सेकंदांची डुलकी १२० ला शंभर मीटर नेते. चहाने, गाण्यांनी, काच उघडून हे जात नाही. बाहेर पडून सावलीत वीस मिनिटं झोपा. रस्त्याच्या कडेला मात्र नाही.

जेवण हलकं घ्या. जेवायला संभाजीनगरात शिरायचा मोह होतो, पण दीड तास जातो आणि वर दुपारची सुस्ती चढते. त्यापेक्षा घरून भाकरी-पिठलं नेलेलं बरं, रस्त्यावर खाण्याची सोय मध्येमध्ये बरीच विरळ आहे. वेळ असेल तर मेहकरला उतरून लोणारचं सरोवर बघा आणि मुक्काम करा. पहिल्या खेपेला एका दिवसात सगळं संपवायलाच हवं असं कुठे आहे?

बाहेर पडताना रॅम्पवर स्पीडोमीटर बघूनच वेग ठरवा. तीन तास ११० ने आल्यावर साठचा वेग पायी चालल्यासारखा वाटतो, आणि रॅम्पला चाळीस हवा असतो. खाली गावचे स्पीडब्रेकर लागतात. एअर सस्पेन्शन (गाडीची उंची कमी-जास्त करता येणारं) असेल तर गाडी आधीच वर करा, नसेल तर तिरकी घ्या.

बंद पडली तर

वेग असेपर्यंत डावीकडच्या शोल्डरवर, म्हणजे कडेच्या मोकळ्या पट्टीवर घ्या, जितकं कठड्याजवळ जमेल तितकं. चारही इंडिकेटर लावा. सगळे डाव्या दाराने बाहेर, कठड्यापलीकडे. गाडीत बसून फोन करायचा नाही, बाहेर ऊन असो की पाऊस. त्रिकोण निदान शंभर पावलं मागे. जखमी असेल तर १०८, नाहीतर ११२. ठिकाण सांगताना कडेच्या दगडावरचा किलोमीटर आणि तुम्ही नागपूरकडे चाललाय की मुंबईकडे, हे दोन्ही सांगा. नुसतं "जालन्याच्या पुढे" सांगितलं तर मदत उलट्या मार्गिकेवर येऊ शकते, आणि तिथून वळायला पुढचा इंटरचेंजच गाठावा लागतो.

पोचल्यावर

इंटरचेंजपासून हॉटेलपर्यंतचे शेवटचे काही किलोमीटर हळू आलात की टर्बो तेवढ्यात निवतो, वेगळं उभं राहून इंजिन चालू ठेवायला नको. गाडी बंद केल्यावर पुढचा पंखा मोठ्याने फिरत असेल आणि गरम धातूचा वास येत असेल तर बहुतेक रीजनरेशन मध्येच तुटलंय. बिघाड नाही, उद्या रस्त्यावर ते पूर्ण होईल. कोरडं गवत किंवा पाचोळा असेल तिथे मात्र गाडी लावू नका, खालचा एक्झॉस्ट तेव्हा प्रचंड तापलेला असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, चारही टायरची हवा पुन्हा बघा. एखाद्या चाकात काल सकाळी भरली होती त्यापेक्षा दोन-तीन पीएसआय कमी दिसली तर बहुतेक खिळा आहे. परतीला निघण्याआधी नागपुरातच काढून घ्या.